घन इलेक्ट्रोलाइट आणि तापमान: आयनवहन मोजायचं कसं, आलेख वाचायचा कसा

घन इलेक्ट्रोलाइटबद्दल, म्हणजे ज्यातून आयन वाहतात अशा घन पदार्थाबद्दल, काहीही वाचायला घेतलं की वाहकतेचा एक ठळक आकडा समोर येतो, आणि तो बहुतेक वेळा २५ अंश सेल्सिअसचा असतो. त्या एका आकड्यावरून पदार्थ चांगला की सामान्य, हे ठरवून टाकलं जातं. आता २५ अंशांना अगदी सारखी वाहकता असलेले दोन पदार्थ घ्या. एकाची सक्रियण ऊर्जा (आयनाला जागेवरून हलायला लागणारी ऊर्जा) ०.३० इलेक्ट्रॉनव्होल्ट, दुसऱ्याची ०.५०. उणे २० अंशांवर पहिल्याची वाहकता सुमारे एक सप्तमांश उरते, दुसऱ्याची एक सत्ताविसांश. ६० अंशांवर नेलं तर पहिल्याची तिप्पट होते आणि दुसऱ्याची जवळजवळ सातपट. म्हणजे थंडीत पहिला तग धरतो, उष्णतेत दुसरा पुढे जातो, आणि माहितीपत्रकात मात्र दोघे जुळे भाऊ.

म्हणून माझं ठाम मत आहे की घन इलेक्ट्रोलाइटची ओळख एका आकड्यात नसते, तापमानाबरोबर बदलणाऱ्या पूर्ण वक्रात असते. हा वक्र विश्वासार्ह रीतीने कसा मिळवायचा आणि मिळाल्यावर त्याच्या आकारातून काय काय कळतं, ते या लेखात क्रमाने पाहू. पदव्युत्तर प्रयोगशाळेत पहिल्यांदाच हे काम हाती घेणारे वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

आधी भौतिकी: आयन हलतो तरी कसा

स्फटिकात प्रत्येक आयनाची एक ठरलेली जागा असते आणि तिथे तो सतत थरथरत असतो. सेकंदाला साधारण दहा लाख कोटी वेळा, म्हणजे एकावर तेरा शून्यं इतक्या वेळा, तो शेजारच्या जागेकडे झेपावतो. मधे इतर आयनांनी बनलेली चिंचोळी फट असते आणि ती ओलांडायला ऊर्जा लागते. हीच सक्रियण ऊर्जेतली मुख्य बाब, म्हणजे स्थलांतराचा अडथळा. शेजारची जागा रिकामी असणं ही दुसरी अट.

२५ अंशांना औष्णिक ऊर्जेचं माप ०.०२५७ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतं. अडथळा ०.३० असेल तर सुमारे १.२ लाख प्रयत्नांतला एक यशस्वी होतो. तापमान ६० अंशांवर नेलं तर सुमारे ३५ हजारांतला एक. केल्विनमध्ये पाहिलं तर तापमान जेमतेम बारा टक्क्यांनी वाढलेलं असतं, तरी यशस्वी उड्या साडेतीनपट होतात. घातांकी अवलंबित्वाचा अर्थ हा असा. धातूंमध्ये नेमकं उलटं घडतं: तापलेला धातू वीज अधिक वाईट वाहतो, कारण तिथे वाहक इलेक्ट्रॉन आधीच मोकळे असतात आणि जालकाची, म्हणजे अणूंच्या नियमित मांडणीची, थरथर त्यांना अडवते. इथे वाहक अडकलेला असतो आणि थरथरच त्याला सोडवते.

हा फरक जुन्या काळापासून माहीत आहे. १८३० च्या दशकात मायकल फॅरडेने पाहिलं की थंड असताना वीज न वाहणारं लेड फ्लोराइड तापवल्यावर वाहू लागतं. शतकाच्या अखेरीस वाल्थर नेर्न्स्टने झिर्कोनियात (झिर्कोनियमच्या ऑक्साइडात) यिट्रिया (यिट्रियमचं ऑक्साइड) मिसळून दिव्याची कांडी बनवली. थंड असताना ती जवळपास विद्युतरोधकच असायची, त्यामुळे दिवा लागण्याआधी तिला बाहेरून तापवावं लागे. एकदा तापली की स्वतःतून वाहणाऱ्या प्रवाहावर ती तापलेली राहायची. तेच झिर्कोनिया आज घन ऑक्साइड इंधनघटात वापरतात. त्यात ऑक्साइड आयनाची सक्रियण ऊर्जा सुमारे १ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. १००० अंशांना त्याची वाहकता सेंटीमीटरला ०.१ सिमेन्सच्या आसपास पोचते, आणि त्या घटांना इतक्या उच्च तापमानात चालवावं लागण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

समीकरण, आणि त्यातली सहज निसटणारी गोष्ट

उड्या मारणाऱ्या आयनांसाठी समीकरण असं:

वाहकता × तापमान = गुणक × घातांकी[ −सक्रियण ऊर्जा ÷ (बोल्ट्झमन स्थिरांक × तापमान) ]

तापमान केल्विनमध्ये, बोल्ट्झमन स्थिरांक ०.००००८६१७ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति केल्विन. दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉग घेतला की सरळ रेषा मिळते. आडव्या अक्षावर १००० भागिले तापमान, उभ्या अक्षावर (वाहकता × तापमान) चा लॉग. रेषेच्या उताराला ०.०८६१७ ने गुणलं आणि उणे चिन्ह काढलं की सक्रियण ऊर्जा थेट इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये हाती येते. दहाच्या पायाचा लॉग घेतला असेल तर गुणायचं ०.१९८४ ने.

डाव्या बाजूच्या त्या ‘× तापमान’ला विसरू नका. ते आलं आहे नेर्न्स्ट–आइन्स्टाइन संबंधातून, जो विसरण (आयनांचं आपोआप पसरणं) आणि वाहकता यांना जोडतो. अनेक निबंधांत नुसत्या वाहकतेचा लॉग काढलेला असतो. तेही चालतं, पण उत्तर वेगळं येतं, आणि दोन प्रकारचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे. किती फरक पडतो ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

गुणकाबद्दल दोन शब्द. वाहकांची संख्या, उडीचं अंतर, प्रयत्नांची वारंवारता आणि स्थलांतराची एन्ट्रॉपी, हे सगळं त्यात दडलेलं असतं. पुष्कळ पदार्थकुटुंबांत सक्रियण ऊर्जा घटली की गुणकही घटतो. सल्फाइडांसारख्या मऊ जालकात अडथळा कमी होतो, पण थरथरही संथ होते. त्यामुळे ‘सक्रियण ऊर्जा कमी म्हणजे पदार्थ उत्तम’ हा निष्कर्ष घाईचा. दोन्ही आकडे सोबत द्यावेत, सोबतच वाचावेत.

नमुना आणि इलेक्ट्रोड

पेलेटची, म्हणजे भुकटी दाबून बनवलेल्या चकतीची, जाडी मायक्रोमीटर-स्क्रूने तीन-चार ठिकाणी मोजा, व्यास मोजा, वजन करा आणि सैद्धांतिक घनतेशी तुलना करा. ऐंशी टक्के घनतेच्या पेलेटवर मोजलेली वाहकता म्हणजे पदार्थ अधिक पोकळ्या यांची मिळून वाहकता असते. ऑक्साइडला भट्टीत पक्कं भाजावं लागतं. सल्फाइड मऊ असल्याने साध्या तापमानालाच काहीशे मेगापास्कल दाबाखाली बऱ्यापैकी घट्ट बसतं.

फक्त आयनांची वाहकता हवी असेल तर आयन अडवणारे इलेक्ट्रोड लावा: ऑक्साइडवर सोन्याचा पातळ थर, सल्फाइडच्या दाबपात्रात स्टीलचे दट्टे. लिथियम किंवा सोडियम धातूचे इलेक्ट्रोड लावणार असाल तर तापमानाची वरची मर्यादा आधीच ठरवून ठेवा. लिथियम १८०.५ अंशांना वितळतं आणि सोडियम ९७.८ अंशांना, शिवाय त्याच्या बरंच आधी ते मऊ पडून पेलेटच्या भेगांमध्ये सरकू लागतं.

हवेतला ओलावा इथे फार त्रास देतो. सल्फाइडांपासून ओलाव्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, म्हणून भरणं-काढणं आर्गॉनच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि मोजणी बंद पात्रात. गार्नेट प्रकारच्या (गार्नेट खनिजासारखी स्फटिकरचना असलेल्या) ऑक्साइडांचं संकट जास्त छुपं. हवेत राहिलेल्या पेलेटवर लिथियम कार्बोनेटचा थर बसतो आणि लिथियमच्या जागी काही प्रोटॉन शिरतात. अशी पेलेट तापवली की पहिल्या फेरीत पाणी निघून जातं, रोध आपोआप बदलतो, आणि आलेखात दिसणारा उतार पदार्थाचा नसून वाळण्याचा असतो. यावर उपाय एकच: तापवताना आणि थंड करताना, दोन्ही वेळा मोजा. दोन्ही वेळचे बिंदू एकमेकांवर बसले तरच आकडा स्वीकारा. बसले नाहीत तर दुसरी फेरी घ्या. दुसऱ्या फेरीतही फट राहिली तर नमुना बदलतो आहे किंवा संपर्क ढिला होतो आहे, असं समजून पात्र उघडा.

दाबही स्थिर हवा. तापमान वाढलं की पात्राचे भाग प्रसरण पावतात आणि स्क्रूने आवळलेला दाब बदलतो. सल्फाइडची वाहकता कणांच्या आपसातल्या संपर्कावर अवलंबून असते, त्यामुळे दाबातला फरक सक्रियण ऊर्जेचं सोंग घेऊन येतो. स्प्रिंगचा दाब किंवा दाबमापक असलेली चौकट यासाठी घेण्यासारखी आहे. पॉलिमरच्या पडद्याचं दुखणं निराळं: वितळणबिंदूच्या वर तो दाबाखाली पसरतो आणि जाडी हातची जाते. बाजूने टेफ्लॉनचं कडं ठेवून त्याच्या जाडीइतकी जागा बांधून द्या.

तापमानाच्या पायऱ्या

दर दहा अंशांना एक मोजणी घेण्याची सवय सर्वत्र दिसते. आलेखाचा आडवा अक्ष मात्र तापमानाचा नसून त्याच्या व्यस्ताचा आहे, त्यामुळे समान अंतराचे बिंदू हवे असतील तर थंड बाजूला पायऱ्या लहान आणि गरम बाजूला मोठ्या ठेवाव्या लागतात. उदाहरणार्थ उणे ४०, उणे २९, उणे १६, उणे २, १३, ३१, ५१ आणि ७३ अंश सेल्सिअस. आठच बिंदू, पण रेषेवर सारख्या अंतराने पसरलेले. कुठे संक्रमणाचा, म्हणजे पदार्थाची रचना बदलण्याचा, संशय असेल तिथे मधे जास्तीचे बिंदू घ्या.

थर्मोकपल नमुन्याला जितका लगटून ठेवता येईल तितका ठेवा. कक्षाच्या पडद्यावर दिसणारं तापमान हवेचं असतं, पेलेटचं नव्हे, आणि स्टीलचं जाड पात्र तापायला वेळ घेतं. समजा कक्ष ६० दाखवतो आहे आणि नमुना खरं तर ५७ वर आहे. २५ आणि ६० या दोन बिंदूंवरून काढलेली सक्रियण ऊर्जा ०.३० ऐवजी ०.२८ येईल. साहित्यात ‘सुधारणा’ म्हणून मिरवलेले काही फरक याहून मोठे नसतात, हे लक्षात घेतलं की थर्मोकपलची जागा किती मोलाची ते कळतं.

थांबायचं किती? लहान पात्राला अर्धा तास पुरतो, जड पात्राला तास लागू शकतो. घड्याळापेक्षा नमुन्यालाच विचारणं बरं. दहा मिनिटांच्या अंतराने दोन वर्णपट (वारंवारता बदलत घेतलेल्या इम्पीडन्सच्या मोजण्या, पुढचा भाग पाहा) घ्या. रोध एक टक्क्याच्या आत जुळला की पुढच्या पायरीवर जा. तापमान स्थिर असूनही रोध एकाच दिशेने सरकत राहिला तर ती औष्णिक दिरंगाई नाही, पदार्थ किंवा त्याची इलेक्ट्रोडशी हद्द बदलते आहे.

इम्पीडन्स मोजणी: खिडकी तापमानाबरोबर सरकते

एकदिश प्रवाहाने इथे काम होत नाही, कारण अडवणाऱ्या इलेक्ट्रोडपाशी आयन साचतात. म्हणून प्रत्यावर्ती व्होल्टेज देऊन वारंवारता बदलत इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मोजतात. त्याचा वास्तव भाग आडव्या आणि काल्पनिक भाग उभ्या अक्षावर काढतात. दहा मिलिव्होल्टचा आयाम आणि १ मेगाहर्ट्झ ते १ हर्ट्झ ही नेहमीची सुरुवात. आदर्श चित्रात उच्च वारंवारतेला कणांच्या आतल्या भागाचं अर्धवर्तुळ दिसतं, मग कणसीमांचं, म्हणजे दोन कण जिथे भिडतात त्या सांध्यांचं, आणि शेवटी इलेक्ट्रोडची वर चढत जाणारी शेपटी.

प्रत्यक्षात साध्या तापमानाला पहिलं अर्धवर्तुळ बहुधा दिसतच नाही. याचा हिशोब एकदा करून पाहाच. १० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची पेलेट, सापेक्ष परावैद्युतांक २०. तिची भौमितिक धारकता सुमारे १४ पिकोफॅरड येते. अंतर्भागाचा रोध ४२५ ओहम असेल तर अर्धवर्तुळाचा माथा रोध आणि धारकता यांच्या गुणाकारावरून सुमारे २७ मेगाहर्ट्झला यायला हवा. १ मेगाहर्ट्झपर्यंत जाणारं यंत्र तिथे पोचतच नाही. पडद्यावर फक्त शेपटी दिसते, किंवा कणसीमेचं अर्धवर्तुळ दिसतं आणि तेच अंतर्भागाचं समजलं जातं. आता तीच पेलेट उणे ४० अंशांवर न्या. ०.३० इलेक्ट्रॉनव्होल्ट सक्रियण ऊर्जेने रोध ८६०० ओहमच्या आसपास चढतो, धारकता फारशी बदलत नाही, आणि माथा १.३ मेगाहर्ट्झपर्यंत खाली येतो. त्याची उतरती बाजू आता खिडकीत आली. आणखी थंड केलं की पूर्ण अर्धवर्तुळ स्वच्छ दिसू लागेल.

चांगल्या वाहकाला समजून घ्यायचं असेल तर त्याला गारठवायला हवं. पुष्कळ प्रयोगशाळा फक्त गरम बाजूला मोजतात, कारण भट्टी हाताशी असते आणि शीतकक्ष नसतो. जमेल तिथून शीतकक्ष मिळवा, असंच मी सांगेन.

अर्धवर्तुळ कोणाचं हे आकारावरून ठरवू नका, धारकतेवरून ठरवा. माथ्याच्या वारंवारतेवरून धारकता काढा. पिकोफॅरडच्या एकक-दशकांत असेल तर अंतर्भाग. दहा पिकोफॅरडपासून दहा नॅनोफॅरडपर्यंतच्या पट्ट्यात असेल तर बहुधा कणसीमा. मायक्रोफॅरडच्या आसपास असेल तर इलेक्ट्रोडची हद्द. पट्टे काठावर एकमेकांत शिरतात, तिथे तापमानच निवाडा करतं: एकाच प्रक्रियेची धारकता तापमानाबरोबर जवळपास तशीच राहते, रोध मात्र घातांकी बदलतो. दोन तापमानांदरम्यान धारकता दहापटीने उडी मारत असेल तर तुम्ही त्या दोन वर्णपटांत दोन वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलेलं आहे.

गरम टोकाला उलटी अडचण येते. रोध काही ओहमांवर घसरतो आणि तारांचा रोध व प्रेरकत्व नमुन्याइतकंच मोठं होऊन बसतं. चार तारांची जोडणी करा, तारा आखूड ठेवा, आणि रिकाम्या पात्राचे इलेक्ट्रोड एकमेकांना थेट टेकवून घेतलेली मोजणी प्रत्येक तापमानाला वजा करा.

आकडेमोड, एकदा हाताने

वरचीच पेलेट: जाडी ०.१० सेंटीमीटर, क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटीमीटर. २५ अंशांना रोध ४२५ ओहम, ६० अंशांना १३९ ओहम.

वाहकता म्हणजे जाडी भागिले (रोध × क्षेत्रफळ). २५ अंशांना ०.३०० मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर, ६० अंशांना ०.९१६. तापमानं २९८.१५ आणि ३३३.१५ केल्विन. वाहकता सिमेन्समध्ये घेऊन तापमानाने गुणली आणि लॉग काढला तर उणे २.४१६ आणि उणे १.१८७ येतात. फरक १.२२९. आडव्या अक्षावर ३.३५४ आणि ३.००२, फरक ०.३५२. भागाकार ३.४९, त्याला ०.०८६१७ ने गुणलं की ०.३० इलेक्ट्रॉनव्होल्ट.

आता तापमानाने न गुणता नुसत्या वाहकतेचा लॉग घेऊन पाहा. उत्तर ०.२७ येतं. मोजणी तीच, पेलेट तीच, पण १० टक्के फरक पडला. म्हणून निबंधात कोणती रीत वापरली हे लिहिलेलं नसेल तर मी तो आकडा तुलनेच्या तक्त्यात घेत नाही.

दोन बिंदूंवरून रेषा नेहमीच सरळ येते, त्यामुळे ही आकडेमोड फक्त हात बसावा म्हणून. खरं काम सात-आठ बिंदूंवर आणि प्रत्येकाची अनिश्चितता धरून करायचं. उताराची अनिश्चितता लिहा. ०.३१४ असा तीन अंकी आकडा लिहिण्यासारखी मोजणी क्वचितच असते.

रेषा वाकली तर

माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं खरं फळ इथे आहे. सरळ रेषा एक आकडा देते, वाकलेली रेषा यंत्रणा सांगते. आलेखात गरम बाजू डावीकडे असते, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

डावीकडे रेषा जास्त तीव्र होत असेल तर दोन वाटा समांतर आहेत: थंडीत सोपी वाट काम करते, उष्णतेत जास्त अडथळ्याची पण जास्त क्षमतेची वाट उघडते. साध्या मिठासारख्या स्फटिकात थंडीत मिसळलेल्या अशुद्धीमुळे तयार झालेल्या रिक्त जागा वाहतूक करतात. तापवल्यावर औष्णिक ऊर्जेने नव्या रिक्त जागा तयार होऊ लागतात, आणि त्यांची निर्मितीऊर्जाही उतारात मिसळते. उष्णतेत इलेक्ट्रॉनांची वाहकता डोकं वर काढते तेव्हाही असाच बाक दिसतो. त्यामुळे सर्वात वरच्या तापमानाला अडवणारे इलेक्ट्रोड लावून एकदा एकदिश व्होल्टेज द्या आणि स्थिर उरणारा प्रवाह मोजा. तो नगण्य असेल तरच ‘आयनांची वाहकता’ म्हणा.

उजवीकडे, म्हणजे थंडीत, रेषा तीव्र होत असेल तर तीन शक्यता. पहिली, अडथळे एकामागे एक आहेत: अंतर्भाग आणि कणसीमा. कणसीमेची सक्रियण ऊर्जा सहसा जास्त, त्यामुळे थंडीत एकूण रोध तीच ठरवते. लिथियम लँथॅनम टायटॅनेट हे याचं ठळक उदाहरण. त्याच्या कणांच्या आतली वाहकता साध्या तापमानाला सुमारे १ मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर आहे, पण कणसीमांमुळे पेलेटची एकूण वाहकता तिच्या शंभराव्या भागाच्या आसपास घसरते. दुसरी शक्यता, वाहक आणि मिसळलेला आयन एकमेकांना धरून बसतात. यिट्रियायुक्त झिर्कोनियात ऑक्सिजनच्या रिक्त जागा थंडीत अशा जखडल्या जातात. चालायचं तर आधी सुटायला हवं, आणि सुटण्याची ऊर्जा उतारात जमा होते. तिसरी शक्यता पॉलिमरची.

पॉलिमरमध्ये आयन ठरलेल्या जागांवरून उड्या मारत नाही. साखळ्यांचे तुकडे वळवळतात आणि त्यांच्याबरोबर तो सरकतो. त्यामुळे रेषेऐवजी सतत वाकणारा वक्र मिळतो, आणि समीकरणात तापमानाच्या जागी ‘तापमान वजा एक संदर्भ तापमान’ येतं. फोगेल, टामान आणि फुल्खर यांच्या नावाने ते ओळखलं जातं. हे संदर्भ तापमान सहसा काचसंक्रमणाच्या (पॉलिमर थंड होताना काचेसारखा कडक होतो त्या तापमानाच्या) सुमारे ५० केल्विन खाली असतं. अशा वक्राच्या मधल्या तुकड्याला सरळ रेषा लावून सक्रियण ऊर्जा सांगणं निरर्थक आहे, कारण तुकडा बदलला की आकडा बदलतो. पॉलिइथिलीन ऑक्साइडमध्ये यात आणखी एक भर पडते: ६० ते ६५ अंशांच्या आसपास स्फटिकी भाग वितळतो आणि तिथे वक्राला स्पष्ट गुडघा येतो. या पॉलिमरवर आधारलेल्या बॅटऱ्या मुद्दाम त्याहून गरम ठेवून चालवतात, त्याचं कारण हा गुडघा.

उडी आली तर

वाकण्याऐवजी वाहकता एकदम उडी मारत असेल तर ते बहुतेक प्रावस्थासंक्रमण. सिल्व्हर आयोडाइडमध्ये १४७ अंशांना चांदीच्या आयनांचा उपजालक जणू वितळतो, आयोडाइडची चौकट मात्र घन राहते, आणि वाहकता काही हजार पटींनी वाढून सेंटीमीटरला १ सिमेन्सच्या वर जाते. टुबांट आणि लोरेंट्झ यांनी १९१४ साली हे नोंदवलं. याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे: साडेपाचशे अंशांच्या वर हा पदार्थ खरोखर वितळतो तेव्हा त्याची वाहकता किंचित कमी होते. घन अवस्था द्रवापेक्षा सरस ठरते, आणि या विषयाची गोडी लागायला माझ्या मते एवढी एकच गोष्ट पुरेशी आहे. लिथियम बोरोहायड्राइडमध्येही ११५ अंशांच्या आसपास अशीच सुमारे हजारपटीची उडी दिसते.

व्यवहारात याचे दोन परिणाम. एक, संक्रमणाच्या पलीकडून अलीकडे रेषा लांबवायची नाही. संगणकीय रेण्विक गतिकीच्या (अणूंच्या हालचाली संगणकावर काढण्याच्या) कामात हा धोका सतत असतो. आयनांच्या पुरेशा उड्या दिसाव्यात म्हणून गणितं ६०० ते १२०० केल्विनला करतात आणि रेषा ३०० केल्विनपर्यंत ओढतात. मधे जालकाची मांडणी बदलत असेल तर भाकीत कित्येक पटींनी चुकतं. दोन, उडीजवळ तापवताना आणि थंड करताना संक्रमणाचं तापमान वेगळं येऊ शकतं. डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमापन (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजण्याची रीत) सोबत घेतलं की उडी पदार्थाची की ढिल्या संपर्काची, हा वाद मिटतो.

काही पदार्थांत हवी ती उच्चतापमान प्रावस्था रासायनिक बदल करून साध्या तापमानाला टिकवून धरता येते. लिथियम लँथॅनम झिर्कोनेट या गार्नेटचं चौकोनी रूप साध्या तापमानाला सेंटीमीटरला मायक्रोसिमेन्सच्या आसपास वाहतं. ॲल्युमिनियम किंवा टँटॅलमसारखं मूलद्रव्य मिसळून घनाकार रूप स्थिर केलं की वाहकता ०.३ मिलिसिमेन्सच्या पुढे जाते. २००७ साली मुरुगन, तंगदुरै आणि वेप्नर यांनी जाहीर केलेला गार्नेट हाच. २०११ मध्ये कान्नो यांच्या गटाने मांडलेल्या लिथियम जर्मेनियम थायोफॉस्फेटने २७ अंशांना १२ मिलिसिमेन्स गाठले, सक्रियण ऊर्जा सुमारे ०.२४. द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीचा हा आकडा होता.

वक्र हाती आल्यावर: घटाचा हिशोब

घटाच्या, म्हणजे बॅटरीच्या एका एककाच्या, दृष्टीने वाहकतेपेक्षा क्षेत्रीय रोध महत्त्वाचा: जाडी भागिले वाहकता. ३० मायक्रोमीटर जाडीचा थर आणि १ मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर वाहकता असेल तर ३ ओहम-चौरस सेंटीमीटर. ०.३० इलेक्ट्रॉनव्होल्ट धरून उणे २० अंशांना तो सुमारे २० होतो. चौरस सेंटीमीटरला ३ मिलिअँपिअर प्रवाह घेतला तर या थरात ६० मिलिव्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे अजूनही सोसण्यासारखे. जाडी कमी करता आली तर वाहकता कमी असूनही भागतं. लिपॉन हा काचेसारखा पदार्थ जेमतेम काही मायक्रोसिमेन्स वाहतो, सक्रियण ऊर्जाही ०.५५ च्या आसपास, तरीही एक मायक्रोमीटरच्या पातळ थरात तो सूक्ष्म बॅटऱ्यांमध्ये व्यवस्थित चालतो.

मात्र घट थंडीत मंदावतो तो सहसा इलेक्ट्रोलाइटमुळे नाही. इलेक्ट्रोडच्या हद्दीवरून आयन पलीकडे जाण्याची सक्रियण ऊर्जा अंतर्भागापेक्षा बरीच जास्त असू शकते. ती ०.५० असेल आणि हद्दीचा रोध २५ अंशांना १० ओहम-चौरस सेंटीमीटर असेल, तर उणे २० अंशांना तो २७० होतो. वरच्या २० समोर हा आकडा ठेवून पाहा: थर आणखी पातळ करण्यात महिने घालवून हाती काही लागणार नाही. म्हणून पेलेटचा वक्र काढून झाला की त्याच तापमानांना, त्याच दाबाखाली, पूर्ण घटाचा इम्पीडन्सही घ्या आणि प्रत्येक प्रक्रियेची रेषा एकाच आलेखावर काढा. ज्या तापमानाला हद्दीची रेषा अंतर्भागाच्या रेषेला ओलांडते, त्याच्या खाली काम करायचं ते हद्दीवर: लेप, पृष्ठभागाची सफाई, दाब. त्याच्या वर इलेक्ट्रोलाइटची वाहकता वाढवणं किंवा थर पातळ करणं फायद्याचं.